चर्चगेटला उतरा आणि चर्चपर्यंत चालत जा: मुंबई-वसईच्या जुन्या चर्चसाठी दोन दिवस

चर्चगेट हे नाव आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्यातलं चर्च आणि त्यातलं गेट दोन्ही ऐकू येईनासं झालंय. मीही कित्येक वर्षं त्या स्टेशनात उतरून ऑफिस गाठत होतो. एका दुपारी पावसात अडकलो म्हणून हॉर्निमन सर्कलजवळच्या एका उघड्या फाटकातून आत शिरलो आणि कळलं, हेच ते चर्च. तेव्हापासून सुट्टी मिळाली की एकेक जुनं चर्च पाहत आलोय. पुण्या-नाशकाहून येणारे मित्र विचारतात, "आम्हाला आत सोडतील का? काय करायचं असतं तिथे?" हा लेख त्यांच्यासाठी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडतात. प्रार्थनेला नाही, नुसतं पाहायला आलोय असं सांगितलं तरी सोडतात. धर्म कुणी विचारत नाही, तिकीट नसतं. खरी अडचण दाराशी आपल्याच मनात असते. ती बाजूला ठेवली की या शहराचा एक मोठा, जुना आणि शांत भाग तुमच्यासाठी उघडतो.

निघण्याआधी

दोन दिवसांत दहा चर्च पाहायचा बेत आखू नका. चार-पाच पुरेत. चर्च हे ठिकाण बसून पाहायचं आहे, आणि बसायला वेळ लागतो.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मुख्य उपासना, साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी असते, आणि बरीच चर्च दुपारी बंद ठेवतात. म्हणून शनिवारची सकाळ किंवा संध्याकाळ मिस्सेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर गाठा. रविवारी सकाळी एकामागून एक उपासना असतात, तेव्हा नुसतं फिरून पाहायला जाऊ नका. जायचंच असेल तर मिस्सेला बसा. पुढे सांगतो तसं.

गुड फ्रायडेची जोडून सुट्टी आली की बरेच जण मुंबईचा बेत करतात. त्या दिवशी चर्च पाहायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो शोकाचा दिवस. मिस्सा होत नाही, दुपारी तीनच्या सुमाराला मोठी उपासना असते, माणसं उपाशीपोटी आलेली असतात. त्या गर्दीत कॅमेरा घेऊन हिंडणं बरं दिसत नाही. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा मात्र उत्तम. हवा बरी असते आणि येशूच्या जन्माचे देखावे, म्हणजे नाताळचे गोठे, सजलेले असतात.

कपडे देवळात जाताना घालतो तसेच. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं. रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून ठेवा, नाहीतर वसईचा बेत अंधेरीतच अडकेल. आणि बाहेरगावच्यांसाठी एक गोष्ट: दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत. तिथे टॅक्सी, बेस्टची बस नाहीतर पाय. रिक्षा वांद्र्यापासून पुढे उत्तरेकडे.

दारातून आत गेल्यावर

चपला-बूट काढायचे नसतात. देवळाच्या सवयीने आपले हात आपोआप बुटाच्या नाडीकडे जातात, पण इथे पायांत घालूनच आत जातात. पुरुषांनी टोपी मात्र काढायची.

कॅथलिक चर्चच्या दाराशी भिंतीत किंवा खांबावर पाण्याचं छोटं भांडं असतं. ते आशीर्वादित पाणी. भाविक त्यात बोटं बुडवून अंगावर क्रुसाची खूण करतात. ते तीर्थासारखं प्यायचं नाही, त्यात हातही धुवायचे नाहीत. तुम्ही ते सोडून पुढे गेलात तरी कुणाला वावगं वाटत नाही.

आत गेलात की मागच्या एखाद्या बाकावर बसा. दहा मिनिटं काहीही करू नका. डोळे उजेडाला सरावतात, पंख्यांचा आवाज मागे पडतो आणि इमारत आपोआप उलगडायला लागते. बाकाच्या पायाशी जी आडवी फळी असते, तिच्यावर पाय ठेवू नका. ती गुडघे टेकण्यासाठी आहे. समोर, सगळ्यांत पुढे वेदी. तिच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. बाजूला जाळीच्या खिडकीचं लाकडी कपाट दिसलं तर ते धर्मगुरूंसमोर पापं कबूल करण्याची जागा आहे. मुलं ते दार उघडून बघायला धावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

बसून झालं की भिंतींच्या कडेने एक फेरी मारा. कॅथलिक चर्चमध्ये दोन्ही भिंतींवर मिळून चौदा चित्रं किंवा उठावशिल्पं दिसतील. येशूला मृत्युदंड सुनावल्यापासून थडग्यात ठेवेपर्यंतचे ते टप्पे. क्रमाने पाहत गेलात तर गोष्ट कळते. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मूर्ती कमी, भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिला जास्त. हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी आपण कुठल्या पंथाच्या चर्चमध्ये आहोत ते बऱ्याचदा ओळखता येतं.

शब्दांचा गोंधळ होतो म्हणून दोन ओळी. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंचं, आसन असतं ते चर्च. आकाराचा त्याच्याशी संबंध नाही, छोटंसं चर्चही कॅथेड्रल असू शकतं. बॅसिलिका हा पोपनी दिलेला मान. त्यामुळे वांद्र्याचं माउंट मेरी ही बॅसिलिका आहे, कॅथेड्रल नाही.

फोटो विचारून काढा, फ्लॅश बंद ठेवा, प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा टिपू नका. आत लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर मागे फिरा. बाहेर थांबून इमारत बघा, चहा घ्या, तासाभराने परत या.

शनिवार सकाळ: सेंट थॉमस

चर्चगेटला उतरा आणि वीर नरिमन रोडने पूर्वेकडे चालायला लागा. टॅक्सी करू नका, कारण हा रस्ताच निम्मी गोष्ट सांगतो. मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती तेव्हा तिला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. चर्चकडे नेणारा दरवाजा म्हणून चर्च गेट. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली. तो दरवाजा होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, ज्याच्या शेजारी आज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. म्हणजे हुतात्मा चौक ओलांडताना तुम्ही न दिसणाऱ्या वेशीतून जुन्या मुंबईत शिरता. पुढे पाच मिनिटांत उजव्या हाताला पांढरं मनोऱ्याचं चर्च येतं.

या चर्चचा पाया १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या काळात घातला गेला. तो वारल्यावर काम थांबलं आणि जवळपास चाळीस वर्षं अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी गोळा करून काम पुरं केलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ मध्ये मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला आणि हे कॅथेड्रल झालं. मनोरा त्यानंतरचा. मुंबईतले मैलाचे दगड इथून मोजत. त्यातले काही दगड अजूनही शहरात रस्त्याकडेला उभे आहेत.

आत गेल्यावर स्मृतिशिला वाचा. अगदी सावकाश वाचा. इंग्रजी जुनं आणि अलंकारिक आहे, पण वयं आणि तारखा कुणालाही कळतात. बावीस, सव्वीस, एकोणतीस. ताप, कॉलरा, जहाज बुडणं, लढाई. सतराव्या शतकात मुंबईच्या इंग्रजांत एक म्हण होती की दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य. ती या भिंतींसमोर उभं राहिल्यावर समजते. राज्यकर्ते म्हणून ज्यांना आपण एका शब्दात मोजतो, त्यांच्यातल्या पोरसवदा मुलांच्या आयांनी आणि बहिणींनी हे दगड लावलेत. राज्य परकं होतं, ते जायलाच हवं होतं, आणि तरी इथे उभं राहिलं की घसा दाटतो. मला या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

दोन स्मारकं चुकवू नका. एक गव्हर्नर जोनाथन डंकन याचं. तो १८११ मध्ये मुंबईत वारला. बनारस आणि काठियावाडात मुलींना जन्मतःच मारण्याची प्रथा बंद करण्यासाठी त्याने केलेल्या प्रयत्नांची नोंद तिथे कोरलेली आहे. दुसरं कॅप्टन हार्डिंगचं. १८०८ मध्ये फ्रेंच युद्धनौका पकडताना तो मारला गेला, त्याच्या स्मारकावर समुद्री लढाईचा देखावा आहे. बिशप कार याची आडवी पहुडलेली संगमरवरी मूर्तीही तिथेच सापडेल.

बाहेर पडताना दारासमोरचं दगडी कारंजं बघा. त्याचा खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने दिला. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या, चर्चच्या अंगणात पारशाच्या पैशाचं कारंजं, ही मुंबईची खास रीत. चर्चच्या दुरुस्तीच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. आज हे चर्च चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांची ही संयुक्त मंडळी १९७० मध्ये नागपुरात स्थापन झाली.

इथे दीड तास ठेवा. मग फोर्टमधल्या एखाद्या इराण्याकडे बनमस्का आणि चहा.

दुपार: अफगाण चर्च

कुलाब्याच्या टोकाकडे, नेव्ही नगरच्या वाटेवर हे चर्च आहे. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पण टॅक्सीवाल्याला अफगाण चर्च सांगा. आजूबाजूचा परिसर लष्कराचा आहे, त्यामुळे कॅमेरा चर्चच्या आवारातच वापरा. दार बंद दिसलं तर आवारातल्या माणसाला नम्रपणे विचारा.

१८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात आणि त्याला लागून झालेल्या सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांची ही आठवण. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेणारी इंग्रजांची फौज खिंडीखिंडींतून थंडीत जवळजवळ सगळी संपली होती. चर्च १८५८ मध्ये खुलं झालं, उंच निमुळता मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो लांबून दिसे. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला नळाचं पाणी देणारी विहार तलावाची योजना आखणारा इंजिनिअर तोच.

आत जमिनीवरच्या नक्षीदार फरश्या इंग्लंडहून आलेल्या, वेदीमागच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. दुपारी काचांमागचा उजेड मऊ असतो. पण मला दरवेळी थांबवतो तो तिथला कोरलेला मजकूर. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत, आणि साध्या शिपायांबद्दल लिहिलंय की त्यांची संख्या इतकी मोठी की नावं नोंदवता आली नाहीत. मुंबई फौजेच्या नेटिव्ह पलटणी त्या युद्धात होत्या, आणि त्या पलटणींत कोकणातले कितीतरी शिपाई असत. रत्नागिरीच्या किंवा रायगडाच्या एखाद्या घरातून गेलेला आणि परत न आलेला कुणीतरी या न लिहिलेल्या नावांच्या मागे आहे. म्हणून हे चर्च आपलंही आहे असं मी मानतो, आणि तिथे थोडा वेळ उभा राहतो.

वेळ उरला तर परतीच्या वाटेवर कुलाब्यातलं होली नेम कॅथेड्रल बघा. मुंबईच्या कॅथलिक आर्चबिशपचं हे आसन. १९०५ चं बांधकाम, आतलं छत आणि भिंती रंगवलेल्या. सकाळच्या पांढऱ्या भिंतींनंतर इथे आलात की कॅथलिक आणि अँग्लिकन चर्चमधला फरक पुस्तक न उघडता कळतो.

संध्याकाळ: मोत माउली

चर्चगेटहून लोकलने वांद्रे पश्चिम. रिक्षावाल्याला आधी हिल रोडवरच्या सेंट अँड्र्यूजला थांबवा. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाने स्थापन केलेलं हे चर्च. आवारात एक प्रचंड दगडी क्रूस आहे, येशूच्या छळाच्या खुणांनी कोरलेला: हातोडा, खिळे, शिडी, कोंबडा. एकेक खूण ओळखायचा खेळ मुलांबरोबर छान होतो. आसपासच्या कबरींवर मुंबईच्या मूळ ख्रिस्ती कुटुंबांची आडनावं दिसतील. हे लोक इथल्याच मातीतले, घरात मराठीची बोली बोलणारे. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. जवळच्या रणवार आणि चिंबईच्या गल्लीत चक्कर मारलीत तर चौकाचौकातले क्रूस भेटतील. मुंबईत ठिकठिकाणी असे काही क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत.

मग टेकडीवर माउंट मेरी. मराठी माणसाला हे चर्च सगळ्यांत लवकर आपलंसं वाटतं, कारण इथली रीत ओळखीची आहे. नवस बोलतात, फेडतात. फाटकाबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं मिळतात. ज्याला जे हवं ते मेणात घेऊन तो माउलीला वाहतो. कोळी तिला मोत माउली म्हणतात, आणि ही मूर्ती समुद्रात सापडली अशी त्यांची श्रद्धा आहे. आजची इमारत १९०४ ची, बॅसिलिकेचा मान १९५४ चा. येशूची आई मारिया हिचा जन्मदिवस ८ सप्टेंबर. त्यानंतरच्या रविवारी आठवड्याची वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात. पहिल्यांदा जात असाल तर जत्रा टाळा, साध्या शनिवारी संध्याकाळी जा. मेणबत्ती लावायची असेल तर नेमून दिलेल्या जागीच लावा, मूर्तीपाशी नेऊ नका.

रविवार: वसईत मराठी मिस्सा

रविवारी लवकर उठा आणि विरार लोकल पकडा. चर्चगेटहून वसई रोड तासाभराहून थोडं जास्त. पश्चिमेला उतरून बस किंवा रिक्षाने पापडी, वसई गाव किंवा तुम्हाला आवडेल त्या गावाकडे. इथे गावागणिक चर्च आहे.

वसईला यायचं कारण म्हणजे भाषा. वसईत मिस्सा मराठीत होते. शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, वाचन मराठीत, प्रवचन मराठीत, गायनवृंदाची गाणी मराठीत. पेटी-तबल्याच्या साथीने भरलेलं चर्च गायला लागतं तेव्हा, ख्रिस्ती धर्म म्हणजे इंग्रजी ही आपल्या डोक्यातली समजूत तिथल्या तिथे गळून पडते. म्हाताऱ्या बायका लुगड्यात दिसल्या तर तो वसईचा जुना वेष.

मिस्सेला मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही नुसते शांत बसलात तरी चालतं. बाजूचे लोक हात जोडून किंवा हात मिळवून शांतीची शुभेच्छा देतील, तुम्हीही नमस्कार करा. आता सगळ्यांत महत्त्वाचं. शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंकडून पांढरी पातळ भाकर घेतात. आपल्याला ती प्रसादाची रांग वाटते. मी पहिल्यांदा एका चर्चमध्ये तसाच रांगेत उभा राहिलो होतो, आणि शेजारच्या काकूंनी हळूच हात धरून मला थांबवलं. त्यांच्या श्रद्धेत तो साक्षात ख्रिस्ताचा देह असतो, आणि तो घेण्यासाठी कॅथलिक दीक्षा आणि तयारी लागते. आपण जागेवर बसून राहायचं. त्याने कुणाचा अपमान होत नाही, उलट मान राखला जातो. दानाची थैली फिरली तर जे द्यावंसं वाटेल ते द्या.

मिस्सा संपल्यावर बाहेर माणसं घोळक्याने बोलत उभी असतात. तिथे थांबा. चर्चबद्दल सगळ्यांत चांगली माहिती तिथे मिळते, आणि कधी जेवायचं आमंत्रणही.

तिथून किल्ल्यात जा. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली, हे आपण शाळेत शिकलो. किल्ल्यात गेल्यावर कळतं की तटाच्या आत अख्खं शहर होतं. आज छप्पर नसलेल्या चर्चच्या कमानी, त्यांवर उगवलेले वड-पिंपळ आणि मधून दिसणारं आकाश एवढं उरलंय. सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या चर्चमध्ये जमिनीवर पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांच्यावर बसून डबे उघडू नका, खाली माणसं पुरलेली आहेत. गोन्सालो गार्सिया याच वसईचे. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमधल्या नागासाकीत त्यांना क्रुसावर चढवलं गेलं, १८६२ मध्ये ते संत जाहीर झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

पाणी बरोबर ठेवा, आत सावली असली तरी दुकानं नाहीत. पावसाळ्यात भिंती आणि जिने निसरडे होतात, तेव्हा वर चढू नका. आणि संध्याकाळ होण्याआधी बाहेर पडा.

या चर्चच्या घंटा मात्र इथे सापडणार नाहीत. विजयानंतर मराठ्यांनी त्या नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशकाला परतणार असाल तर गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात जा. पुण्याकडे जाणार असाल तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर, किंवा भीमाशंकरला. मेणवलीच्या घंटेजवळ जाऊन नीट पाहिलंत तर धातूवर मारिया आणि बाळ येशू दिसतात.